कर्नलला भेटायचंय

स्टार्टिंग कर्नल. पुढं तीन टिंबं. त्यापुढं काही नाही.

यशराज सकाळपासून त्या तीन टिंबांकडे बघत बसला होता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर उतरत, पाकीट सापडलं, पाकिटाची बेरीज जुळली, नकाशा सापडला, ताबा देतोय, आणि मग ही ओळ, आणि मग कर्सर नुसता लुकलुकत राही. चूक झाली असती तर चूक झाली असं तरी लिहून आलं असतं. यंत्र शिवी देतं तेव्हा बरं वाटतं, कुठं दुखतंय ते कळतं. इथं शिवीही नव्हती. कर्नल, म्हणजे यंत्राच्या आतला तो मूळ प्रोग्रॅम, ज्याच्या जिवावर बाकीचं सगळं चालतं, तो उठला की उठताउठता मेला, कळायला मार्ग नव्हता. शेजारच्या टेबलावरची प्राची म्हणाली, "परत चढव." त्यानं परत चढवला. तीन टिंबं. तेवढ्यात फोन वाजला. गेटवरचे मामा होते. "यशराजसाहेब, तुमच्या आई आल्यात." मग त्यांनी आवाज खाली आणला, कुणी शेजारी उभं असल्यासारखा. "कर्नलला भेटायचंय म्हनत्यात. आपल्यात कोन कर्नल हाय का?"

आहे, असं तो म्हणणार होता. मग म्हणाला, "बसवा त्यांना. आलोच." आणि उठला नाही.

कॉलेज संपल्यासंपल्या तो इथं लागला होता. कंपनी म्हणजे बारामतीच्या एमआयडीसीतली एक पत्र्याची शेड, खाली जोडणी, वर दोन खोल्या. उसाला ठिबकचं पाणी आपोआप सोडणारी आणि बंद करणारी करडी पेटी इथं तयार होते. काटेवाडीपासून पुढं शेळगावपर्यंत बांधाबांधावर खांबांना त्या पेट्या टांगलेल्या दिसतात. पेटीत तळहाताएवढा बोर्ड. बोर्डावर कर्नल. पण कर्नल नुसता ओतून भागत नाही, तो पाकिटात घालावा लागतो. वीज आली की आधी एक लहानसा प्रोग्रॅम जागा होतो, त्याचं काम एवढंच, पाकीट तपासायचं आणि आतल्याला उठवून आपण बाजूला व्हायचं. पाकिटाच्या कपाळावर चौसष्ट अक्षरांची जागा. आधी एक ठरलेला आकडा, तो दिसला नाही तर दारातूनच परत. तो आकडा बघितला की सत्तावीस मे छप्पन अशी तारीख वाटते, कुणाची तरी जन्मतारीख असणार, असं प्राचीचं म्हणणं. मग आतल्या मालाची बेरीज, वाटेत एक ठिपका जरी इकडचा तिकडं झाला तरी जुळायची नाही अशी. मग दोन पत्ते. एक, माल कुठं नेऊन ठेवायचा. दुसरा, कुठून सुरू व्हायचं. दोन्ही पत्ते सारखेच असतील असं नाही, हे नव्या पोरांना सांगावं लागतं. शेवटी नाव. नाव यंत्र वाचत नाही. ते बघणाऱ्या माणसासाठी नुसतं पडद्यावर उमटवतं.

ही जुनी पाकिटं आता जायची होती. नव्या पद्धतीत एकाच गाठोड्यात कर्नल, बोर्डावर कुठं काय जोडलंय त्याचा नकाशा, लागणारं बाकीचं सामान, असं सगळं बांधायचं. एकेकाची बेरीज वेगळी. आणि कुठल्या बोर्डाला कर्नलबरोबर कुठला नकाशा द्यायचा ते गाठोड्यातच लिहून ठेवायचं. जुन्या बोर्डालाही तेच गाठोडं, नव्यालाही तेच. एवढं काम संपवून यशराज पुण्याला जाणार होता, दुसऱ्या नोकरीवर. रविवारी आईला फोनवर म्हणालाही होता, ही नोकरी सोडतोय. मग तिनं विचारलं होतं, "कर्नलला सांगितलंस का?"

तेव्हाही तो हसला होता. हसण्यावारीच नेत आला होता. पहिल्या महिन्यात तिनं विचारलं होतं, काम काय रं तुला. तो म्हणाला, कर्नल पॅक करायचा, बोर्डावर चढवायचा. फोन नीट लागत नव्हता. वस्तीवर रेंज मिळायची ती बाभळीखालच्या एका दगडावर उभं राहिलं तर. तिला एक शब्द ओळखीचा लागला. "कर्नलसाबांकडं हाईस व्हय?" हा शब्द घरात दादानं, फौजेतल्या थोरल्या भावानं, आणलेला होता. जोतीराम सुट्टीवर आला की आमचे कर्नलसाब असं म्हणतात, आमचे कर्नलसाब तसं चालतात, असं चालून दाखवायचा, आणि आई तोंडाला पदर लावून हसायची. यशराज त्या दिवशी सांगणार होता की हा तो कर्नल नव्हे. फोन कट झाला. पुढच्या वेळी ती आधीच पुढं गेलेली होती. कर्नल बरा हाय का. बरा आहे. कधी तो वैतागून म्हणायचा, आज कर्नल चढेना बघ सकाळपासून. "चढंना म्हंजे? जिना हाय का लई? वय झालं आसंल रं. गुडघं धरलं आसत्याल." कधी म्हणायचा, कर्नल पॅनिक झाला. "एवढा मोठा मानूस आन् घाबरतोय व्हय?" कधी, झाला एकदाचा बूट. "बूट घातलं का. मंजी निघालाच कुठंतरी." प्राचीला हे सगळं तो करून दाखवायचा, आणि प्राची टेबलावर डोकं ठेवून हसायची. एका थंडीत आईनं एसटीच्या कंडक्टरकडे एक घोंगडी पाठवली, कर्नलसाठी. घरच्या लोकरीची शेवटची. वडील होते तेव्हा मेंढरं होती, मेंढरं होती तेव्हाची लोकर. ती घोंगडी यशराजच्या खुर्चीच्या पाठीवर असते. एसीत प्राची पायावर घेते.

तिनं एकदाही कर्नलकडे काही मागितलं नव्हतं. हे त्याच्या आज, फोन ठेवल्यावर, लक्षात आलं.

नाव — जोतीराम तात्याबा.

ठेवायचा पत्ता — पलटण. उत्तरेला कुठंतरी, त्याला सांगता यायचा नाही असा.

सुरू व्हायचा पत्ता —

भिगवणचं स्टेशन. फलाटावर माशांचा वास, बर्फाच्या पेट्यांतून झिरपलेलं पाणी. दादानं काळी पेटी खांद्यावरून खाली ठेवली, बूट ओले होतील म्हणून दोन पावलं मागं सरकला. त्या सकाळी ओट्यावर बसून त्यानं ते बूट चमकवले होते, थुंकी लावून, चिंधीनं, एकेक बूट कितीतरी वेळ. त्या रजेत तो फार बोलला नव्हता. दुपारी झोपायचा, संध्याकाळी एकटाच उजनीच्या पाण्याकडे जाऊन यायचा. पण दादा लहानपणीही तसाच होता. मेंढरांमागं दिवसदिवस चालताना बोलायचा तो मेंढरांशी, जीभ टाळ्याला लावून एक टकटक करायचा, त्यावर अख्खा कळप मान वर करायचा. यशराजही. स्टेशनवर तो म्हणाला, "परीक्षा नीट दे." गाडी आली. तो चढला. दारात उभा राहिला, हात केला, गाडी वळणावर गेली. यात काही लपलेलं नव्हतं. यशराजनं नंतर ही गोष्ट पोलिसांना सांगितली, पलटणीतून आलेल्या माणसांना सांगितली, चुलत्यांना, मामांना सांगितली, इतकी सांगितली की तिच्यातला दादा हळूहळू सपाट होत गेला, हात केलेला, पुठ्ठ्याचा. दौंडवरून फोन आला होता. "पोचलो. म्होरची गाडी लागलीय." मागं गर्दीचा आवाज.

मग तीन टिंबं.

पलटणीचा कागद आला की हा माणूस रजेवरून परत हजर झालेला नाही. मग गावात शब्द आला. फरारी. चौकीतल्या एकानं भगोडा असं हिंदीत म्हटलं, ते पोरांनी उचललं. घराची खूण सांगताना लोक पळालेल्याचं घर म्हणू लागले. आई त्यावर एकच बोलायची, सगळ्यांपुढं, लग्नात, दळणाला, बाजारात. "पळनारा मानूस बूट चमकवतो व्हय?" त्याला कुणी उत्तर देत नसे. यशराजही नाही. कारण त्याला, हे त्यानं प्राचीलासुद्धा सांगितलं नव्हतं, दादा पळालेलाच हवा होता. पळालेला माणूस कुठंतरी जेवतो. भिगवणला ढाब्यावर गेला की तो भट्टीपाशी उभ्या माणसाची पाठ आधी बघायचा. इंदापूरच्या बायपासवर ट्रकांच्या रांगेत उतरून चहा पिणारे ड्रायव्हर बघायचा. दाढी वाढवली असेल, पोट सुटलं असेल, एखादीनं त्याला घरात घेतलं असेल, एक पोर असेल, त्या पोराला तो जीभ टाळ्याला लावून बोलावत असेल. नाव दुसरं असेल. नावाचं काय, नाव यंत्र वाचत नाही. ठेवायचं एकीकडं होतं, सुरू दुसरीकडून झाला, एवढंच. असं होतं. फरारी हा शब्द ऐकला की आई ताठ व्हायची, आणि त्याला आतून, लाज वाटावी असं, बरं वाटायचं. फरारी म्हणजे आहे.

"यशराज," प्राची म्हणाली. "आई खाली आहेत ना?"

ती मामांच्या खुर्चीवर बसली नव्हती. खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला, मांडीवर पिशवी. ठेवणीतलं लुगडं. कपाळावर नुसतं गोंदण. त्याला बघून उठली आणि आधी त्याचं तोंड निरखलं, तो जेवला की नाही ते बघावं तसं.

"एकटीच आलीस?"

"द्वारका हाय की संगं. तिचं डोळं दावायचं हुतं. स्टँडवर बसलीया." मग लगेच, "हाय का त्यो?"

"कोन?"

"आता कोन मंजी. भाईर गेला आसंल तर बसते मी. मला घाई न्हाय."

मामा दुसरीकडं बघू लागले. यशराजनं तिला जिन्याकडे नेलं. जिना ती एकेक पायरी दोन्ही पाय टेकत चढली आणि मधे थांबून म्हणाली, "ह्यो व्हय जिना. एवढ्यानं दमतोय व्हय त्यो." त्याला वाटलं आता सांगावं, इथंच, पायरीवर, उजेड कमी आहे तोवर. पण ती बोलत होती. हळू, श्वास घेत. "आजवर तुला म्हनलं न्हाय मी. पोराची नोकरी, नवी नवी. म्हनलं, आईनं जाऊन गाऱ्हानं घातलं तर साहेब म्हनंल ह्येच्या घरचं झेंगट लई. मग म्हनलं, कायम झाल्यावर. मग म्हनलं, पगार वाढल्यावर. आता तू सोडूनच चाललायस. आता इचारलं तर काय बिघाडतंय."

"काय इचारनार तू?"

"जोत्याचं." त्याला एवढंही समजलं नाही, म्हणून ती त्याच्याकडे बघत राहिली. "एका कर्नलचं दुसरा कर्नल ऐकंल का न्हाय? कागद काढायचा म्हनावं. पोरगं पळालेलं न्हाय, एवढं लिव्हा म्हनावं. मला दुसरं काय नगं."

इतकी वर्षं. फोनवर ती कर्नलच्या गुडघ्याची चौकशी करत होती तेव्हा हे असं आत बांधून ठेवलेलं होतं, गाठ मारून, योग्य वेळ येईपर्यंत. आणि तो करून दाखवत होता. प्राची टेबलावर डोकं ठेवून हसत—

वरच्या खोलीत प्राची उभी राहिली. कमरेत वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास दिला. आईनं घोंगडी ओळखली. हातानं तिचा काठ चिमटीत धरून बघितला. मग खोलीभर नजर फिरवली. टेबलं, वायरी, डोळ्यांसारखे लुकलुकणारे दिवे. आत आणखी एक दार होतं, स्टोअरचं. ती त्या दाराकडे बघत बसली.

प्राचीनं त्याला बाजूला घेतलं. "साहेब दिल्लीला गेलेत म्हणून सांगू का मी? पत्र लिहून ठेवा म्हणू?"

ते सोपं होतं. मग दुसऱ्या खेपेला ते आजारी झाले असते, तिसऱ्या खेपेला निवृत्त. त्यानं खुर्ची ओढली आणि आईसमोर बसला, गुडघ्याला गुडघे लागतील एवढा जवळ. बोर्ड उचलून हातात घेतला. वायर ताणली गेली. "आई, ह्येच्यात असतो त्यो."

"कोन?"

"कर्नल. मानूस न्हाय त्यो. ह्या यंत्राच्या आतल्या प्रोग्रॅमाचं नाव हाय. इंग्रजीत दुसरा शब्द हाय, ऐकायला सारखाच लागतो. पाकिटात घालून मी ह्यात चढवतो. त्येच म्हनायचो मी तुला."

ती बोर्डाकडे बघत राहिली. हिरवा तुकडा, तळहाताएवढा. तिनं बोट पुढं केलं आणि लावलं नाही. "एवढासा?"

"व्हय."

"मंजी गुडघं—"

"न्हाय."

आणि ती हसली. पदर तोंडाला न लावता, दात दिसतील असं, पोट हलेल असं हसली. प्राचीही हसली, हसावं लागलं. यशराज हसला नाही पण त्याच्या तोंडाचा आकार तसा झाला. "आगं बया," ती म्हणाली, "मी आपली शेकायला निर्गुडीचा पाला आनलाय." पिशवीतून तिनं खरंच फडक्यात बांधलेला पाला काढून टेबलावर ठेवला. हसू चालूच होतं. थांबायला हवं होतं तिथं ते थांबलं नाही, थोडं पुढं गेलं, आणि तिथं ते कशाचं होतं ते कळेना. मग तिनं डोळे पुसले. "घोंगडी कोन घेतंय मग?"

"मी. आन् ही प्राची."

"बरं झालं. वाया न्हाय गेली."

त्याला वाटलं आता ती विचारेल, तू का सांगितलं नाहीस. ती विचारत नव्हती. प्राचीला बसवेना, ती उगाच बोर्डाशी खटपट करू लागली, गाठोड्यातली यादी वरखाली करताकरता म्हणाली, "अरे, हा जुना बोर्ड आहे. आणि तू ठरवून ठेवलेली जोडी नव्याची आहे. नकाशाच दुसरा गेलाय त्याला, त्यात बोलायची वायरच वेगळी." तिनं वायर काढून दुसऱ्या पिनांवर लावली. पडदा भरला. ओळींवर ओळी, सकाळपासूनच्या, घड्याळ चालू असलेल्या, पाणी सोडायची वेळ झाली, झडप उघडली, झडप बंद केली. कर्नल मेला नव्हता. उठला होता, काम करत होता, बोलतही होता. फक्त आपण कान लावला होता तिथं नाही, दुसऱ्याच वायरीवर.

यशराज ते वाचत राहिला. बघ, असं त्याला आईला म्हणायचं होतं, आई, बघ, असं असतं, आपण समजतो गेला, तो नुसता दुसरीकडं— पण आई पडद्याकडे बघत नव्हती. ती उठून पिशवीची गाठ आवळत होती. "चल. मला स्टँडवर सोड. द्वारका एकली बसलीया."

तो म्हणाला, मी घरापर्यंत येतो. ती नको म्हणाली नाही.

रिक्षात ती एकच बोलली, कसब्यातल्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा. "कर्नल न्हाय, ह्ये कुनाला सांगू नगंस." त्यानं मान हलवली. हसू होईल म्हणून ती म्हणते असं त्याला वाटलं.

द्वारकाबाई स्टँडच्या बाकड्यावर काळा चष्मा लावून बसल्या होत्या, डोळ्यात औषध घातलेलं, तोंड वर करून. भावकीतल्या, आईच्या चुलत जाऊ. "कोन, यशराज व्हय? आवाज दे बाबा, दिसंना मला काय." इंदापूरची गाडी लागली. दोघी एका बाकावर बसल्या, तो त्यांच्या मागच्या. काटेवाडी गेली. भवानीनगरच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रांगू लागली, खिडकीतून गोड आंबूस वास येत राहिला. मधेमधे बांधावर त्याच्या करड्या पेट्या. प्रत्येकीत एकेक कर्नल, जागा असलेला. त्याला वाटलं, आज नाही तर रविवारी सांगू आईला, नीट, त्या दुसऱ्या वायरीचं. पुण्यात चौकशी करता येईल. आता इंटरनेटवर माणसं सापडतात. चेहरा टाकला की—

"मग?" द्वारकाबाई म्हणाल्या. गाडीच्या आवाजात त्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं. "भेटला का कर्नल?"

"भेटला," आई म्हणाली.

यशराजला तिचा चेहरा दिसत नव्हता. अंबाडा दिसत होता, आणि मानेवरचा गंड्याचा काळा दोरा.

"कसा हाय? मिश्या हायत का?"

"हायत. चांगला हाय मानूस. बसवलं, पानी दिलं. हात जोडून उठला बघ मी आल्यावर."

"आन् जोत्याचं काढलंस का?"

"काढलं की. त्यासाठीच तर गेलते."

"मग काय म्हनला?"

गाडी जंक्शन गावच्या चौकात थांबली. माणसं चढली, उतरली. कंडक्टरनं दोरी ओढली. आई म्हणाली, "म्हनला, बाई, पोरगं पळालेलं न्हाय. कागदात चूक झाली. आमी शोध घेतलाय."

द्वारकाबाईंनी चष्म्यातून तिच्याकडे तोंड वळवलं. त्यांना खरंच दिसत नव्हतं. त्या वाईट बाई नव्हत्या. पळालेल्याचं घर हा शब्द त्यांच्या दारातूनच गावात गेला असला तरी. त्यांनी विचारलं ते कुणीही विचारलं असतं. "पळालं न्हाय मग हाय कुठं पोरगं?"

आईनं पुढच्या बाकाचा दांडा धरला होता. त्या प्रश्नापाशी ती नुकतीच पोचली असावी असं यशराजला वाटलं, किंवा ऑफिसातून उठतानाच पोचली होती. कर्नलला उभं केलं, त्याच्याकडून वदवून घेतलं, तर पुढचंही त्याच्याचकडून यायला हवं होतं. पळाला नाही आणि घरीही नाही. मधे जागाच उरत नव्हती.

"न्हाय," ती म्हणाली.

"मंजी?"

"तवाच. गाडीत तापानं का कशानं. कुठल्यातरी ठेसनावर उतरवला. बेवारस म्हनून त्यांनीच सगळं केलं. वर्दी अंगावर नव्हती, नाव कुनाला ठावं." ती थांबली. "बूट तेवढं हुतं म्हनला पायात. चमकत हुतं म्हनला."

द्वारकाबाईंचा हात हवेत चाचपडत आईच्या गुडघ्यावर आला. मग त्यांनी मागं मान वळवली, काळ्या काचांनी त्याला शोधलं. "व्हय का रं यशराज? तू हुतास का तितं? आसंच म्हनला व्हय त्यो?"

आई मागं वळली नाही. तिचा अंबाडा हलला नाही. भट्टीपाशी पाठ करून उभा असलेला माणूस, ट्रकला टेकून चहा पिणारा, एखादीच्या घरात, एक पोर, टाळ्याला लागलेली जीभ, हे सगळे त्या घटकेला यशराजकडे बघत होते, आणि त्याला ते एकेक करून खाली उतरवायचे होते.

"व्हय," तो म्हणाला.

द्वारकाबाई रडल्या. चष्म्याखालून औषधाबरोबर पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलं नाही, डॉक्टरनं हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. आजूबाजूची माणसं बघू लागली, कुणीतरी विचारलं, काय झालं हो मावशी, त्या म्हणाल्या, "पोरगं गेलं आमच्यातलं. पलटनीत हुतं." मग नाक ओढून आईला म्हणाल्या, "आज कळलं मंजी आजच न्हावं लागंल गं. गार पान्यानं. आमालाबी. भावकी हाय." आई म्हणाली, व्हय.

निमगावच्या अलीकडच्या फाट्यावर ते उतरले. द्वारकाबाईंना त्यांच्या नातसुनेनं हाताला धरून पुढं नेलं. वस्तीकडच्या पायवाटेवर दोघंच राहिल्यावर तो म्हणाला, "आई, आसं कशापायी म्हनलीस. दादा आसंल कुठंतरी."

ती चालत होती. "आसता तर आला आसता."

"यायची चोरी आसंल त्येला."

"मंजी पळालाय," ती म्हणाली. "मी जित्ता ठिवायचा तर त्यो पळपुटा ऱ्हातोय. किती दिस ठिवू तसा?" तिच्या आवाजात राग नव्हता. "तुला जित्ता पायजे हुता, ठावं हाय मला. तू कवा बुटाचं बोलला न्हाईस."

घरी आल्यावर तिनं आधी चूल पेटवली. तो शहरातून आला की ती आधी पाणी तापवायची, तसंच. हंडा चढवला, फुंकर मारली, जाळ धरला. यशराज ओट्यावर शर्ट काढून बसला होता. पलीकडच्या वस्तीवर बातमी पोचली होती, बायकांचा आवाज चढत इकडं येत होता. आत काहीतरी चरचरलं. त्यानं वाकून बघितलं. तिनं जळती लाकडं मागं ओढली होती आणि हंड्यातलंच पाणी ओंजळीनं त्यांच्यावर टाकत होती, धूर तिच्या तोंडावर येत होता.

मग हौदातून बादली भरून तिनं अंगणात दगडापाशी आणून ठेवली, आणि त्यात तांब्या सोडला.

"गार हाय," ती म्हणाली. "दमानं घे."